पुराणांतील प्राणी आणि चित्रांतील प्राणी

आमच्या जुन्या घराच्या माजघरांत, देवघराच्या दारावर, राजा रविवर्म्याचें 'जटायुवध' हें छापील चित्र काळ्या चौकटींत लावलेलें असे. धुरानें त्याचा रंग मावळला होता, एका कोपऱ्यास कसर लागली होती आणि काचेस आडवी चीर गेली होती. परंतु संध्याकाळीं देवाजवळ दिवा लागला म्हणजे त्याचा उजेड नेमका त्या चित्रावर पडे, आणि रावणाच्या उगारलेल्या तरवारीपेक्षां त्या पक्ष्याच्या उघड्या चोंचीकडेच आम्हां मुलांची नजर जाई. एकदां आम्हीं आजीस विचारलें, "आजी, हा पक्षी म्हातारा होता ना? मग तो उडून कां नाहीं गेला?" वात वळतां वळतां ती म्हणाली, "बाळ, सीतेची हांक त्याला ऐकूं आली होती. ऐकूं आल्यावर कसा उडून जाईल?"

पौराणिक चित्रांविषयीं पुढें आम्हीं पुष्कळ वाचलें, वर्गांत थोडेंबहुत शिकविलेंहि. पण ह्या एका उत्तराहून अधिक कामाची कसोटी आम्हांस अद्याप सांपडलेली नाहीं. गेल्या वर्षीं मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील चित्रसंग्रहांत मूळ तैलचित्रापुढें उभें राहण्याचा योग आला, तेव्हां आमच्या दृष्टीनें प्रथम शोधला तो रावण नव्हे, सीताहि नव्हे, तो पक्षी. त्या दालनांतून बाहेर पडतांना जो प्रश्न मनांत घोळूं लागला तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. प्रश्न असा : आपल्या पुराणांतील प्राण्यांचें आपल्या चित्रकारांनीं काय केलें?

प्रथम पुराणें स्वतः काय करतात तें पाहूं. इसापाच्या गोष्टींतील कोल्हा किंवा कावळा हा माणसाचाच एखादा स्वभाव कातडें पांघरून आलेला असतो. गोष्ट संपली कीं कातडें गळून पडतें आणि तात्पर्य तेवढें उरतें. पुराणांतील प्राण्यांची गोष्ट निराळी आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत नक्रानें पाय धरलेला गजेंद्र सोंडेंत कमळ धरून हांक मारतो आणि त्या हांकेसरशीं विष्णु धांवून येतो. महाभारताच्या वनपर्वांत नळाच्या हातीं सांपडलेला हंस आपल्या जिवाच्या मोबदल्यांत दौत्य पत्करतो आणि दिलेला शब्द पाळतो. जटायु हा दशरथाचा स्नेही. त्याच्या मृत्यूनंतर रामानें त्याला अग्नि दिला आणि पित्यास द्यावें तसें उदक दिलें. हे प्राणी कथेची शोभा नव्हेत; ते कथेचे पक्षकार आहेत. त्यांस बोलतां येतें, त्यांस ऐकूं येतें, त्यांचें ऐकलेंहि जातें, आणि माणसास जो धर्म लागू तोच त्यांसहि लागू असतो.

चित्रकाराची खरी अडचण येथेंच सुरू होते. कवीला हंसाच्या तोंडीं चार श्लोक घालतां येतात. चित्रकारानें हंसाची चोंच कितीहि उघडी काढली तरी तींतून शब्द बाहेर पडत नाहीं. मग त्यानें करावें काय? प्राण्याचें पात्रपण रंगारेषांनीं राखावयाचें हें काम मोठें अवघड आहे, आणि अवघड कामास सोप्या पळवाटा नेहमींच असतात. प्राण्यास देवाचा सेवक करून एका बाजूस उभें करावें ही पहिली पळवाट. त्यास केवळ पाटी करून तिच्यावर हवें तें लिहावें ही दुसरी. ह्या दोहोंचीं उदाहरणें पाहण्यास फार लांब जावें लागत नाहीं. तीं आपल्या घरांच्या भिंतींवरच आहेत.

तीं तेथें आलीं कशीं हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रविवर्म्याचा जन्म इ. स. १८४८ मध्यें त्रावणकोर संस्थानांतील किळिमानूर येथें झाला. तैलरंगांचें पाश्चात्य तंत्र त्यानें आत्मसात् केलें, तें पौराणिक विषयांकडे वळविलें, आणि इ. स. १८९४ मध्यें मुंबईस गिरगांवांत शिळाछापाचा कारखाना काढला. 'शकुंतलाजन्म' हें त्या कारखान्याचें पहिलें चित्र. पुढें कारखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला, कांहीं वर्षांनीं तो श्लायखर नांवाच्या जर्मन गृहस्थाकडे आला, आणि इ. स. १९७२ मध्यें आगींत सांपडेपर्यंत ह्या ना त्या रूपानें तो टिकून होता. राजवाड्यांत राहणारी लक्ष्मी त्या छापखान्यामुळें वाण्याच्या दुकानांत आली. ज्यास देवळांत पाऊल टाकण्याची मनाई होती त्यासहि चार आण्यांत देवाचें दर्शन घडूं लागलें. ह्या उपकाराकडे कानाडोळा करून रविवर्म्यास नांवें ठेवणें हें कृतघ्नपणाचें होईल. आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनीं त्याच्या चित्रांवर नाटकीपणाचा आरोप केला आहे आणि तो सर्वस्वीं खोटाहि नाहीं. परंतु त्या वादांत देवदेवतांच्या चेहऱ्यांविषयीं जितकें बोललें गेलें तितकें त्यांच्याजवळच्या मुक्या प्राण्यांविषयीं बोललें गेलें नाहीं.

त्याची इ. स. १८९६ मधील 'लक्ष्मी' घ्या. बडोद्याच्या संग्रहांतील ह्या चित्राच्या छापील प्रती किती घरांत पूजेस लागल्या असतील ह्याची मोजदाद नाहीं. सरोवरांतील कमळावर चतुर्भुज देवी उभी आहे, पाण्यांत शुभ्र हंस आहेत, आणि एका बाजूनें हत्ती सोंडेंत माळ घेऊन ती देवीस अर्पण करीत आहे. चित्र देखणें आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु वाचकांनीं वेरूळास जाऊन कैलास लेण्याच्या प्रवेशद्वारीं समोरच खोदलेली गजलक्ष्मी एकवार पाहावी. तेथें कमळांच्या तळ्यांत देवी बसली आहे आणि हत्ती तिच्या मस्तकावर घडे रिते करीत आहेत. हत्ती म्हणजे मेघ, ही आपली जुनी समजूत. तेव्हां ते हत्ती देवीची चाकरी करीत नसून पाऊस पाडीत आहेत, आणि त्या पावसावांचून लक्ष्मी कसली? शेताचें पीक, गाईचें दूध, घरांतील धान्य हें सर्व त्या घड्यांतून उतरतें. वेरूळच्या शिल्पांतून हत्ती वजा केले तर लक्ष्मीचें लक्ष्मीपणच नाहींसें होईल. रविवर्म्याच्या चित्रांतून हत्ती पुसून टाकला तर मात्र एक माळ तेवढी कमी होते. घडा जाऊन माळ आली, आणि एवढ्यानें मेघाचा माहूत-नोकर झाला. त्याच वर्षींच्या 'सरस्वती'च्या चित्रांत देवीजवळ जो मोर आहे त्याची गोष्टहि अशीच. पिसारा सुरेख आहे, पण एखाद्या संस्थानिकाच्या बागेंतील मोरानें विणेचा नाद ऐकून जवळ यावें, याहून अधिक नातें त्या दोघांत दिसत नाहीं.

हा दोष कौशल्याच्या अभावाचा नव्हे, हें 'हंसदमयंती'वरून दिसेल. इ. स. १८९९ चें हें चित्र तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संग्रहालयांत आहे. लाल साडी नेसलेली दमयंती कठड्याशीं उभी आहे आणि कठड्यावरील हंसाकडे पाहत आहे. तिच्या मुखावरील उत्सुकता चित्रकारानें अशी टिपली आहे कीं, हंस कांहीं सांगत असला पाहिजे हें आपणांस तिच्याकडे पाहूनच कळतें. पण हंसाकडे पाहिलें तर? महाभारतांतील हंस सोन्याच्या अलंकरणाचे आहेत. ते पाहतांच नळाच्या मनांत आश्चर्य उपजावें असे. चित्रांतला हंस स्वच्छ पांढरा, तळ्यांत पोहणारा, यथातथ्य पक्षी आहे. निसर्गाशीं तो प्रामाणिक आहे, कथेशीं नाहीं. आमच्या पिढीनें रघुनाथपंडिताचें 'दमयंतीस्वयंवर' शाळेंत पाठ केलेलें. राजानें धरल्यावर म्हाताऱ्या आईची व घरच्या बाळंतिणीची आठवण काढून विलाप करणारा तो हंस आम्हांस आप्तासारखा वाटे. त्या हंसाच्या मागें घर होतें, काळजी होती, वचन होतें. चित्रांतील हंसाच्या मागें फक्त कठडा आहे. संभाषणाचा सगळा भार दमयंतीच्या डोळ्यांवर टाकून चित्रकार मोकळा झाला आहे. दोघांच्या संवादांत एकच पात्र बोलतें आहे आणि तेंच ऐकतेंहि आहे.

तथापि सेवक होऊन उभें राहण्यांत प्राण्याची फार हानि होत नाहीं. तो उपेक्षिला जातो एवढेंच. दुसरी पळवाट मात्र याहून धोक्याची आहे. रविवर्म्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १९१२ च्या सुमारास, त्याच्याच नांवाच्या छापखान्यांतून 'चौऱ्याऐंशीं देवतांची गाय' हें चित्र निघालें. गोरक्षणाची चळवळ उत्तर हिंदुस्थानांत इ. स. १८८० नंतर जोरांत आली, तेव्हांपासून ह्या तऱ्हेचीं चित्रें प्रचारांत होतीं. ह्या चित्रांत एक मोठी गाय उभी असून तिच्या शिंगांपासून खुरांपर्यंत सर्व शरीर लहान लहान देवमूर्तींनीं भरलेलें आहे. समोरून एक राक्षस तरवार उगारून धांवून येत आहे. त्याचें अंग माणसाचें आणि तोंड जनावराचें. तो कलियुग. गाईच्या पुढें एक गृहस्थ आडवा होऊन त्यास विनवीत आहे.

गाईच्या ठायीं देवांचा वास आहे ही भावना प्राचीन व आदरणीय आहे, आणि तिच्याशीं आमचा वाद नाहीं. गाईवर ज्या कुणब्याचें पोट आहे त्याला ती भावना कोणी शिकवावी लागत नाहीं. आमचा प्रश्न चित्राविषयीं आहे. ह्या गाईच्या अंगावर एवढे देव बसविले आहेत कीं, गाईला जागाच उरलेली नाहीं. तिचे डोळे कोणाकडे पाहत नाहींत. तिची कांस, तिची वशिंड, तिची पाठ हीं सर्व चौरंगासारखीं झालीं आहेत. ती पुण्यवान् आहे, पण ती कोणाची गाय नाहीं. तिचें नांव कपिला किंवा चंद्री असूं शकत नाहीं. आणि याहूनहि एक मौज पाहा : जें चित्र पशूचें पावित्र्य सांगण्यासाठीं निघालें, त्यानें दुष्टाव्याला तोंड दिलें तें पशूचेंच! जनावर पवित्र आहे असें म्हणणाऱ्या चित्रकाराला वाईट माणूस दाखवितांना जनावराचेंच मुंडकें आठवावें, ह्यावरून त्याचें लक्ष जनावराकडे कितपत होतें हें उघड होतें.

ह्या चित्राच्या मुळाशीं जी कथा असावी असें वाटतें ती भागवताच्या पहिल्या स्कंधांत आहे, आणि ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. दिग्विजयास निघालेल्या परीक्षितीस वाटेंत एका पायावर उभा असलेला बैल दिसतो, त्याच्याजवळ रडणारी गाय दिसते, आणि राजवेष घेतलेला एक पुरुष त्या दोघांस मारीत असलेला दिसतो. बैल हा धर्म, गाय ही पृथ्वी, आणि मारणारा कलि. तप, शौच, दया आणि सत्य हे धर्माचे चार पाय; त्यांतला सत्याचा एक उरला आहे. परीक्षिति बैलाला विचारतो, 'तुझे पाय कोणीं तोडले?' मारणारा समोर उभा आहे, राजाच्या हातीं शस्त्र आहे. एक बोट दाखविण्याचा अवकाश. परंतु बैल बोट दाखवीत नाहीं. तो म्हणतो कीं, दुःखाचें कारण कोणी आत्म्यास मानतात, कोणी दैवास, कोणी कर्मास, कोणी स्वभावास. तेव्हां आमच्या क्लेशाचें मूळ कोण हें आम्ही सांगूं शकत नाहीं. राजा, तूंच विचार कर. आणि ह्या उत्तरावरूनच परीक्षिति त्याला ओळखतो कीं, हा बैल नसून धर्म आहे; कारण अधर्म करणाऱ्यास जी गति, तीच त्याची चहाडी करणाऱ्यासहि, हें जाणणारा दुसरा कोण असणार? पुढें शरण आलेल्या कलीलाहि राजा मारीत नाहीं, त्यास राहण्यास जागा नेमून देतो.

आतां ही कथा आणि तें चित्र शेजारीं ठेवा. कथेंत छळलेला प्राणी स्वतः बोलतो, आणि बोलतो तें आरोप टाळण्यासाठीं. चित्रांत प्राणी मुका झाला आहे आणि त्याच्या वतीनें आरोप करण्याचें काम चित्रकारानें पत्करलें आहे. एकदां प्राण्याची पाटी केली कीं, ती कोणाच्याहि हातीं देतां येते, आणि तरवारवाल्या राक्षसाच्या ठिकाणीं पाहणारा आपल्या मनांतला शेजारी बसवितो. इ. स. १८९३ मध्यें गोरक्षणाच्या वादावरून आझमगड, बलिया येथें व पुढें मुंबईंतहि दंगे झाले, हा इतिहास आहे. ह्या चित्राच्या आधींचें तें वर्ष. पण ज्या हवेंत तीं माणसें लढलीं त्याच हवेंत हें चित्र काढलें गेलें. चित्रावर सारा दोष लादावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भागवतांतल्या बैलाला बोलूं दिलें असतें तर त्या चित्राचा उपयोग भांडणासाठीं करणें कठीण गेलें असतें, एवढें खास.

तर मग प्राण्याचें पात्रपण चित्रांत राखतांच येत नाहीं काय? येतें, आणि तें आपल्याच देशांत, रविवर्म्याच्या शंभर वर्षें आधीं, हिमालयाच्या पायथ्याच्या लहान लहान संस्थानांत साधलें होतें. कांगडा शैलींतील 'गोधूलि' हें इ. स. १७९० च्या सुमाराचें चित्र आज अमेरिकेंत बोस्टनच्या संग्रहालयांत आहे. आकारानें लहानसेंच असें तें चित्र. संध्याकाळ झाली आहे, मुरलीधर गुरें घेऊन गोकुळांत परतत आहे, गवाक्षांतून स्त्रिया डोकावत आहेत, आणि वेशीच्या दारांतून गाई दाटीवाटीनें आंत शिरत आहेत. ह्या गाईंच्या अंगावर एकहि देव बसविलेला नाहीं. त्या एकमेकींना ढुसण्या देतात, माना वळवितात, घराच्या ओढीनें पुढें घुसतात. संध्याकाळीं गुरें परततांना ज्यानें वेशीवर उभें राहून पाहिलें आहे त्याला तें लगेच पटतें. परंतु गवाक्षांतील स्त्रियांची दृष्टि जिकडे, तिकडेच कित्येक गाईंचीहि दृष्टि आहे. भक्तीच्या बाबतींत चित्रकारानें गोपी आणि गाई असा भेद केलेला नाहीं. दोघींना त्यानें एकाच ओढीनें बांधलें आहे. देव गाईच्या पोटांत दाखविण्यापेक्षां गाईच्या डोळ्यांत दाखविणें किती कठीण, आणि साधल्यावर किती सहज!

आणि जेथें रंगारेषा अपुऱ्या पडतात तेथें काय करावें, ह्याचें उत्तर आपल्या कोंकणांत आहे. कुडाळाजवळ पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावर काढलेल्या चित्रांचे संच बाळगतात. एका आख्यानाच्या संचास ते 'पोथी' म्हणतात, हें नांवच अर्थपूर्ण आहे. सावंतवाडी संस्थानानें ह्या कलेस आश्रय दिला होता. आणि ती टिकविल्याबद्दल परशुराम गंगावणे यांस इ. स. २०२१ मध्यें पद्मश्री मिळाली. हीं चित्रें भिंतीवर टांगण्यासाठीं नव्हेत. चित्रकथी एकेक चित्र प्रेक्षकांपुढें धरतो आणि वीणा, टाळ व हुडूक ह्यांच्या साथीनें कथा गातो; पात्रांचे संवाद तोच बोलतो. आकृति साध्या, डोळे मोठे, बाजूनें काढलेले चेहरे; रविवर्म्याच्या तैलरंगांपुढें त्या ओबडधोबड वाटतील. परंतु येथें पक्षी बोलतो! राक्षस व वानर, राजा व पक्षी ह्या सर्वांस एकाच गळ्यांतून आवाज मिळतो, आणि म्हणून चित्रकारास पशूचें पात्रपण टिकविण्यासाठीं निराळी युक्ति लढवावी लागत नाहीं. चित्र अपुरें आहे हें त्यानें प्रथमपासूनच मान्य केलेलें आहे, आणि त्याचें अपुरेपण मनुष्याच्या वाणीनें भरून निघतें.

आतां पुन्हा मैसूरच्या त्या दालनांत जाऊं. 'जटायुवध' हें चित्र इ. स. १९०६ चें, म्हणजे रविवर्म्याच्या अखेरच्या वर्षांतलें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तो वारला. वाल्मीकीचा जटायु प्रथम लढत नाहीं. झाडावर झोंपला असतां सीतेचा आक्रोश कानीं येतो, आणि तो रावणाला नीति सांगतो : परस्त्रीचें रक्षण राजानें आपल्या स्त्रीप्रमाणें करावें, मी म्हातारा आहें, तूं तरुण आहेस, सशस्त्र आहेस, रथांत आहेस, तरी तुला मी जाऊं देणार नाहीं. हें बोलून झाल्यावर युद्ध. तो रावणाचें धनुष्य मोडतो, रथ मोडतो, आणि मग थकल्यावर त्याचे पंख तोडले जातात. चित्रकारानें ह्यांतील शेवटचा क्षण निवडला. रावणाला त्यानें दहा तोंडें दिलीं नाहींत, एकच दिलें. एका हातानें त्यानें सीतेस आवळलें आहे, दुसऱ्या हातीं तरवार आहे. आणि सीतेनें हातानें आपलें तोंड झांकून घेतलें आहे. पंख तुटलेला पक्षी चोंच वासून आहे.

नाटकीपणाचा आरोप ह्या चित्रावरहि करतां येईल. रावणाचा आवेश रंगभूमीवरून उतरल्यासारखा आहे हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु प्राण्याच्या बाबतींत रविवर्मा येथें आपल्या नेहमींच्या पळवाटेनें गेला नाहीं. हत्तीच्या सोंडेंत त्यानें माळ दिली होती, मोराला विणेजवळ बसविलें होतें. ह्या पक्ष्याला मात्र त्यानें कोणाच्या सेवेंत ठेवलेलें नाहीं. आणि दहा तोंडांचा रावण एका तोंडाचा झाल्यामुळें चित्रांत एक विलक्षण समता आली आहे : एक माणूस आणि एक पक्षी, असे दोघेच समोरासमोर आहेत. सीता पाहूं शकत नाहीं. म्हणून पाहण्याचें काम पक्ष्याकडे आलें आहे. 'हंसदमयंती'मध्यें स्त्रीच्या डोळ्यांनीं पक्ष्याचें काम केलें. येथें पक्ष्याच्या डोळ्यांनीं स्त्रीचें काम केलें आहे. ज्या चित्रकारानें तें साधलें त्याला आधीं साधलें नव्हतें हें आम्हीं वर म्हटलेंच आहे. म्हणून अखेरीस साधलें हेंहि तितक्याच मोकळेपणानें म्हटलें पाहिजे.

योगायोग असा कीं, किळिमानूरपासून फार दूर नसलेल्या चडयमंगलम् येथें एक प्रचंड खडक आहे आणि जटायु तेथें पडला अशी त्या प्रांताची श्रद्धा आहे, इ. स. २०१८ पासून तेथें जटायूचें अवाढव्य शिल्प लोकांस पाहण्यास खुलें झालें आहे. आमच्याकडे इगतपुरी तालुक्यांतील टाकेद येथेंहि हीच श्रद्धा आहे. एकच पक्षी दोन ठिकाणीं कसा पडेल, असें पंडित विचारतील. आम्हांस मात्र वाटतें कीं, ज्यानें हांक ऐकली त्यास आपल्या गांवीं अग्नि मिळाला असावा ही इच्छा एकाहून अधिक गांवांस झाली, ह्यांत नवल नाहीं.

हा सर्व विचार आज करण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण आमच्या बिऱ्हाडाबाहेर रोज दिसतें. इ. स. २०१५ मध्यें कासरगोडकडील एका तरुण चित्रकारानें केशरी व काळ्या रंगांत मारुतीचें एक मुख काढलें. भिवया चढलेल्या, दृष्टि क्रुद्ध. थोड्याच काळांत तें देशभर मोटारींच्या मागील काचांवर चिकटलें. रेखाटन जोरकस आहे आणि त्या तरुणाच्या हाताबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु त्यांत मारुतीचें तोंड मिटलेलें आहे, हें पाहून आम्हांस वाईट वाटतें. किष्किंधाकांडांत राम प्रथम ज्या गोष्टीवर लुब्ध होतो ती मारुतीची शक्ति नव्हे, ती त्याची वाणी. वेद न शिकलेला मनुष्य असें बोलूं शकणार नाहीं, ह्यानें व्याकरण पुष्कळदां ऐकलें असलें पाहिजे, असें तो लक्ष्मणाला सांगतो. ज्या वानराच्या बोलण्यानें राम जिंकला गेला, त्याची ओळख आमच्या मुलांस केवळ त्याच्या रागावरून व्हावी काय? सेवक झाला, पाटी झाली, आतां धाक झाला. प्राण्याचा शब्द काढून घेतला कीं त्याच्या तोंडीं कोणताहि भाव बसवितां येतो.

चित्रकारांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु ज्यांच्या घरांत हीं चित्रें लागतात त्यांस एक विनंति करावीशी वाटते. चित्र कोणतेंहि लावा, छापील असो कीं हातानें काढलेलें. पण त्याच्याखालीं बसून गोष्ट सांगणारें कोणी तरी घरांत असूं द्या. जटायूचें तें चित्र आज आमच्या अभ्यासाच्या खोलींत आहे. काच बदलली आहे, रंग आणखी मावळले आहेत. आजीच्या उत्तरांत चित्राविषयीं एक अक्षरहि नव्हतें. पण तिनें तें उत्तर दिलें नसतें, तर रावणाची तरवार तेवढी आमच्या लक्षांत राहिली असती.